नाव घालणे, शून्य रुपये

शालनमावशींचा फोन आला तेव्हा मी दुपारचा डबा नुकताच उघडला होता. “धोंडा लागला रं दस्तगीर,” त्या म्हणाल्या, आणि मग आठवल्यासारखं, “जेवलास का?” मी काही बोलायच्या आत पलीकडे कुणीतरी पातेलं फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग भांड्यावर नाव घालायची विजेची पेन भुर्रर्र करत चालू झाली. “ठिवते. गिऱ्हाईक हाय,” म्हणून फोन बंद.

तेवढंच बोलणं. पण ते भुर्रर्र कानातून जाईना. इस्लामपूरच्या भांड्यांच्या दुकानात, वर पोटमाळ्यावर बसून, मी कितीतरी महिने तो आवाज ऐकला. पितळेवर तो जाड येतो, तांब्यावर मऊ, आणि स्टीलवर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. खाली मावशींच्या हातात आत्ता काय आहे, ते मी न बघता सांगायचो.

इथं कोइम्बतूरला या दिवसांत वारं सुटतं. पाऊस डोंगरापलीकडे पडतो आणि आमच्या वाट्याला त्याचा नुसता वारा येतो. ऑफिसच्या खिडक्या दिवसभर खुळखुळत असतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, घरून काही वाईट बातमी आहे का? माझा चेहराच तसा. चांगली बातमीसुद्धा मी वाईट असल्यासारखी ऐकतो. तिला म्हटलं, तसं काही नाही, आमच्याकडे एक जादा महिना लागलाय, दर तिसऱ्या वर्षी लागतो. ती म्हणाली, “त्या महिन्याचा पगार मिळतो का?” तिच्या पंचांगात हा महिनाच नाही. त्यांचे महिने सूर्याबरोबर चालतात, त्यांना मध्ये थांबून कुणाची वाट बघावी लागत नाही.

मग जेवताना माझं मलाच हसू आलं. ‘आमच्याकडे’ म्हणालो मी. माझ्या घरी तरी कुठं आहे हा महिना? आमचं चंद्राचं वर्ष कुणासाठी थांबत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि असा चालत चालत सगळ्या ऋतूंतून फिरून जातो. अब्बांनी कोयनेच्या धो धो पावसात रोजे धरले आणि एप्रिलच्या उन्हात, पाटणच्या चढावर सायकल ढकलतसुद्धा धरले. शेजारी हिंदूंचं पंचांगही चंद्राचंच, पण ते तीन वर्षांतून एकदा महिनाभर थबकतं, मागं पडलेल्या सूर्याला गाठू देतं, मग पुढं निघतं. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. त्या थबकलेल्या महिन्याला अधिक मास म्हणतात आणि आमच्या भागात धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही. फक्त जावयाचा मान. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर एक दिवा ठेवून ते वाण जावयाच्या हातात द्यायचं. त्या तीस दिवसांत भांड्यांच्या दुकानात तांब्या-पितळेच्या काउंटरवरच्या माणसाला पाणी प्यायला उसंत मिळत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ते एकदा विसरलो. आता तो महिना आला की मला अनारसे आठवत नाहीत, एक सुतार आठवतो. हातात टेप घेऊन उभा असलेला.

*

माझं लहानपण भांड्यांच्या आवाजावर गेलं. अब्बा कल्हईवाले. कोयनानगरच्या वसाहतीत आणि आसपासच्या वाड्यांत ते भाता घेऊन फिरायचे. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापायचं, मग नवसागराची चिमूट पडायची, पांढरा धूर उठायचा आणि नाकातून थेट डोळ्यांत जायचा. कथिलाची कांडी टेकवून अब्बा कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवायचे, की काळं पातेलं आतून चांदीसारखं. पाण्यात बुडवलं की चर्रर्र. मला वाटायचं, जगातलं सगळं काळं असंच एका हातात निघत असेल.

दुसरा आवाज भूकंपाचा. कोयनेला तो अधूनमधून येतोच. जमीन हलल्याचं आधी पायांना कळत नाही, फळीवरच्या भांड्यांना कळतं. ती किणकिण वाजायला लागली की आई म्हणायची, “भाईर व्हा.” बाहेर पडेपर्यंत सगळं थांबलेलं असायचं. आई हसायची, शेजारणी हसायच्या, आणि मी मात्र पुढचे चार दिवस फळीकडे बघत असायचो. आता भांडी वाजतील. आता. अजूनही वारं सुटून खिडकी खुळखुळली की मी टेबलाची कड धरतो.

शाळा नववीनंतर सुटली. कुणी सोडवली नाही, मीच सोडली. कल्हईची गिऱ्हाइकं आटत चालली होती, अब्बांचा खांदा भाता ओढून गेला होता, आणि दहावीच्या गणिताचं पुस्तक बघितलं की मला घाम फुटायचा. अब्बा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. त्यांनी एवढंच सांगितलं, “भांडं बाहेरून कुणीबी बगतं. आपन आतली बाजू बगायची. तेवढं ध्यानात ठिव, कुटंबी खाशील.”

विशीत मी शिरवळला गेलो, एका भांड्यांच्या पेढीच्या गोडाऊनवर. हायवेवर मोठं शेड, कारखान्यांतून माल यायचा आणि तिथून साताऱ्याला, कराडला, इस्लामपूरला, सांगलीला त्यांच्या चार दुकानांत जायचा. आलेली खोकी मोजायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची, हे माझं काम. एका पावसाळ्यात तांब्याची खोकी इतकी जायला लागली की ट्रक पुरेनात. का जातायत, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती आणि मोजायला वेळ नव्हता.

त्याच हिवाळ्यात मालकांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून धंद्यात आला. अभिजितदादा. माझी खोक्यांची यादी एकदाही चुकलेली नाही हे त्यांनी बघितलं आणि मला इस्लामपूरच्या दुकानात आणून पोटमाळ्यावर बसवलं. म्हणाले, “तुला एसक्यूएल शिकवतो. कॉम्प्युटरकडून माहिती काढायची भाषा.” मी म्हटलं, “दादा, मी नववी पास.” ते म्हणाले, “मी एमबीए आहे आणि मला पातेल्याची कल्हई कळत नाही. बस.”

त्या एका ‘बस’चं ऋण माझ्यावर आहे. त्यांनी वहीच्या पानावर तीन शब्द लिहिले. सिलेक्ट, म्हणजे काय हवं. फ्रॉम, म्हणजे कुठून. व्हेअर, म्हणजे त्यातलं नेमकं कोणतं. अशी विचारणा यंत्राला लिहून दिली की तिला क्वेरी म्हणतात. मला ती वाट ओळखीची वाटली. अब्बा वाडीत शिरताना हेच तर विचारायचे, काय भांडी, कुणाच्या घरची, आणि त्यातली कल्हई उडालेली कोणती. महिन्याभरात मी चारही दुकानांची विक्री एका पानावर आणायला लागलो. यंदाचा मार्च, शेजारी गेल्या वर्षीचा मार्च, तिसऱ्या रकान्यात टक्के. वाढलं तर हिरवं, घटलं तर लाल. दादा दर गुरुवारी साताऱ्याहून यायचे आणि ते पान हातात धरून जिना उतरायचे. त्यांच्या मागून उतरताना माझे पाय जमिनीला लागत नसत.

एकच खोड होती त्या टक्क्यांची. गेल्या वर्षीचा आकडा शून्य असला की भागाकार अडायचा आणि सगळा रिपोर्टच बंद पडायचा. आमच्याकडे शून्याची एक जिन्नस होती. नाव घालणे. भांडं घेतलं की त्यावर नाव फुकट घालून द्यायचं, ही दुकानाची जुनी रीत. पण काय नाव घालायचं ते लिहून ठेवावं लागे, म्हणून मावशी बिलात तशी एक ओळच टाकायच्या. नाव घालणे, नग एक, रक्कम शून्य, आणि पुढं शेऱ्यात नावाचा मजकूर. नाव घातलेल्या प्रत्येक बिलाखाली ही ओळ, आणि प्रत्येक ओळीवर माझी क्वेरी अडखळायची. मी एक अट घातली, व्हेअर रक्कम शून्याहून मोठी. कचरा गेला, रिपोर्ट पळायला लागला. दादा म्हणाले, “वा.”

*

शालनमावशी दुकानात सगळ्यांत जुन्या. नवरा साखर कारखान्यात, दोन लेकी दिलेल्या, एक कराडला आणि एक तासगावला. तांब्या-पितळेचा काउंटर त्यांचा. नावं सुबक अक्षरात घालायच्या, हात कधी थरथरला नाही. गिऱ्हाइकाला टोमणे मारायला भ्यायच्या नाहीत. कुणी म्हटलं, मावशी, नाव जरा मोठं घाला, की म्हणायच्या, “तांब्या केवढा, नाव केवढं. मागनं पाटी लावू का?”

दुपारी त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वर हाक मारायच्या. “ए मशिनवाल्या, खाली ये. आज मेथी हाय.” मी एकटा राहतो, खानावळीचं खातो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांच्या डब्यात तेव्हापासून दोन भाकरी जास्त असायच्या. रमजानात मी जेवत नसे तर त्या मुद्दाम दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन जेवायच्या आणि संध्याकाळी निघताना कागदात बांधून चार खजूर माझ्या कीबोर्डवर ठेवायच्या. “बगून घे, बिया हायत,” एवढंच.

त्या वर्षी ईदच्या वेळी सांगलीच्या दुकानाचा मार्च एकदम हिरवा झाला आणि एप्रिल लाल. दादा एप्रिलच्या लालवर बोट ठेवून बसले होते. मी चाचरत सांगितलं, दादा, ईद अलीकडे सरकली, शिरखुर्म्याचे वाडगे आणि ट्रे लोकांनी या वेळी मार्चमध्येच नेले. मग मी तारखांचा एक वेगळा तक्ता केला आणि रमजानसमोर रमजान लावून दाखवला. लाल गेलं. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खाली जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “हे पुण्यात कुणाला सुचलं नसतं.” मावशी म्हणाल्या, “आमचा हाय त्यो.”

त्या दिवशी मी अब्बांना फोन करून दहा मिनिटं बोललो. नववी शिकलेल्या माणसाला फुगायला फार हवा लागत नाही.

पुढं श्रावण आला. जुलै-ऑगस्टचं पान निघालं आणि तांब्या-पितळेचा काउंटर चारही दुकानांत लाल. इस्लामपूरचा सगळ्यांत जास्त. निम्म्याहून खाली. मी क्वेरी तीनदा तपासली. बेरजा जुळत होत्या, तारखा जुळत होत्या. यंदाचा जुलै, गेल्या वर्षीचा जुलै. कुठंही चूक नव्हती.

दादा ते पान बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “मला वाटतच होतं. तांबं-पितळ संपत चाललंय. तिथं नॉनस्टिक लावू, नवे कुकर लावू. मावशींना शिरवळच्या गोडाऊनला पॅकिंगला घेता येईल.” मग आवाज खाली आणून, “त्यांना मी सांगेन. तू काही बोलू नकोस.”

मी मान हलवली. शिरवळ म्हणजे मावशींना रोज जाऊन-येऊन पाच-सहा तास एसटी. ते त्यांना जमणार नव्हतं, दादांनाही ते ठाऊक असावं. पॅकिंगला घेऊ म्हणजे नोकरी गेली, फक्त चांगल्या शब्दांत. आणि त्याच्याखाली माझा कागद होता.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. एक भाकरी संपवायला मला अर्धा तास लागायचा, पण नाही म्हणायचीही सोय नव्हती. “भाजी खारट झालीय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “न्हाई, मावशी.” “मग तोंड असं का केलंयस? लगीन ठरलं का?”

*

सुतार सोमवारी आला. सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं, उदबत्तीचा वास, शटरच्या पट्टीतून उन्हाची एक रेघ पितळी समयांवर पडलेली. त्यानं टेप काढली आणि मावशींचा काउंटर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायला लागला.

“काय रं बाबा, काय मोजतोयस?” मावशींनी विचारलं.

“नवं फर्निचर करायचंय, मावशी. दादांनी सांगितलंय.”

मी जिन्यात उभा होतो. मावशींचा चेहरा मला दिसत होता. तो असा उजळला, की मला खाली बघवेना.

“व्हय? लय दिवस म्हनत व्हते मी थोरल्या मालकास्नी, ह्या फळ्या सडल्यात म्हनून.” त्या पदर खोचून त्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. “आनि हे बग, हितं, उजव्या हाताला, एक खन काढ. बारका. नाव घालायची पेन ठिवायला. वायर सारकी गिऱ्हाइकाच्या पायात येती. समदं नावावर चालतंय बाबा हितं. भांडं काय, कुटंबी मिळतं. नाव घालाय मानूस माज्याकडंच येतंय.”

सुतारानं माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. मी वर पळालो.

खुर्चीत बसलो आणि टेबलाची कड धरली. ‘समदं नावावर चालतंय.’ आणि नावाच्या ओळी तर मीच काढून टाकल्या होत्या, कचरा म्हणून. ती एक अट मी खोडली आणि गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टवर क्वेरी चालवली. टक्के काढलेच नाहीत, नुसत्या ओळी मागितल्या.

एरवी दिवसाला चार-पाच नावं पडायची. पडद्यावर ओळी यायला लागल्या त्या थांबेचनात. माझं बोट बाणावर, आणि नावं वर सरकतायत. *सचिनराव यांस, सासूबाईंकडून, अधिक श्रावण. चि. प्रमोद व सौ. वैशाली, अधिक श्रावण. जावईबापू, गाडी हळू चालवा, अधिक श्रावण. थोरल्या जावयांस, राग नसावा, अधिक श्रावण.* तीस दिवसांच्या ओळी, आणि त्यानंतर जणू कुणी दार लावून घेतल्यासारखं सगळं परत चार-पाचवर.

धोंडा होता. गेल्या वर्षीचा तो काळ जादाचा होता, आणि मी साध्या श्रावणाला त्याच्या शेजारी उभं करून त्याची उंची मोजली होती. शिरवळहून तांब्याची खोकी का जात होती, ते वर्षभरानं मला कळलं. नव्या रिपोर्टमध्ये काउंटर मेला नव्हता. उलट धोंड्याचे दिवस बाजूला काढून श्रावणासमोर श्रावण लावला तर तो तसूभर वाढलेलाच होता.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला वेगळीच भीती बसली. हे दादांना सांगायचं म्हणजे, ज्या माणसानं ‘बस’ म्हटलं, त्याला सांगायचं की तुम्ही चुकीच्या माणसाला बसवलंत. आठ दिवस त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता. साताऱ्यात कुकरची ऑर्डर बोलून झाली होती. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कधी कळलंही नसतं. आकडे खरेच होते की. शून्याच्या ओळी कोण उघडून बघणार?

खाली मावशी सुताराला म्हणत होत्या, “च्या घे रं. मग मोज.”

गुरुवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. मी फोन केला आणि दादा दुपारी गाडी काढून आले. मी त्यांना पोटमाळ्यावरच गाठलं.

“दादा, रिपोर्ट चुकलाय.”

“कुठला?”

“श्रावणाचा. मी चुकवलाय.”

ते माझ्या खुर्चीत बसले आणि मी उभा राहून ओळी दाखवल्या. ते वाचत गेले. ‘राग नसावा’पाशी थांबले, हसले, मग हसू गेलं. म्हणाले, “ईद लक्षात आली तुझ्या. धोंडा नाही आला?”

त्या प्रश्नाला धार नव्हती, तरी मला लागला. मी म्हटलं, “ईद माझ्या घरात येते, दादा.”

“हं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि धोंडा माझ्या घरात येतो. गेल्या वर्षी ताईचे यजमान जेवायला आले होते, आईनं मला फोनवर सांगितलं होतं. मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. मला तरी कुठं आठवला?”

मग ते धंद्याकडे वळले. म्हणाले, “ठीक आहे, धोंड्यासमोर धोंडा लाव. त्याच्या आधीचा.” मी सांगितलं, त्याच्या आधीचा धोंडा आला तेव्हा करोनाच्या भीतीनं कुणी कुणाकडे जेवायला जात नव्हतं. जावई व्हिडिओ कॉलवर जेवले. आणि त्याच्याही आधीची बिलं कागदावरची, ती उंदरांनी तपासली. गेल्या धोंड्याला तोलायला दुसरा धोंडाच नाही.

“म्हणजे पुढचा येईपर्यंत थांबायचं?”

“थांबायला लागेल, दादा.”

ते उठले आणि जिना उतरून खाली गेले. मला वाटलं आता काहीतरी मोठं होणार. त्यांनी सुताराला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं. सुतारानं टेप खटकन मिटली. मग दादा मावशींसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात बराच वेळ बोलले. मावशी ऐकत होत्या, हातातलं ताम्हन फडक्यानं पुसत होत्या, पुसलेलंच परत पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली नाही. मी वरच बसून राहिलो. थोड्या वेळानं जिना वाजला. मावशी स्वतः वर आल्या, पहिल्यांदाच. गुडघे दुखायचे त्यांचे. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “ह्यानंच मला हाकललं व्हतं म्हन?”

“मी हाकललं होतं, मावशी. त्याला मी सांगीन तेवढंच कळतं.”

“आनि परत कुनी बोलावलं?”

मी कीबोर्ड बाजूला सरकवला.

“मग झालं की. आठ दिवस भाकरी नरड्याखाली उतरत नव्हती तुज्या, मला काय दिसत न्हवतं? म्या म्हटलं पोरगं पिरमात पडलं.” त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. “खा आता. त्यो खन तेवढा करून घेतला मी सुताराकडनं. आयता आलाच व्हता.”

*

त्याच दिवशी मी तारखांच्या तक्त्यात एक नवा रकाना काढला. अधिक. साध्या दिवसासमोर शून्य, धोंड्याच्या दिवसासमोर एक. आणि रकमेवरची ती अट कायमची काढली. भागाकार अडतो तर अडू दे, शून्यापुढं नुसती एक रेघ काढायची, ओळ टाकायची नाही.

पुढं दादांनीच माझं नाव इथल्या कंपनीला सुचवलं. आम्ही तिचीच भांडी विकायचो. मुलाखतीला शिक्षणाच्या रकान्यात मी नववी लिहिलं आणि खाली बघत बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, आतापर्यंतची सगळ्यांत मोठी चूक कोणती? मी त्यांना ही गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत. अनारसा म्हणजे काय ते सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यांनी मला घेतलं. अजूनही महिन्याच्या शेवटी मला वाटतं, कुणीतरी टेबलाशी येऊन सर्टिफिकेट मागेल. अजून मागितलेलं नाही.

अब्बा फोनवर विचारतात, “बरं चाललंय न्हवं?” मी म्हणतो, बरं. गेल्या वर्षीपेक्षा? तसं ते विचारत नाहीत, पण मी मनात लावून बघतो. गेल्या वर्षी या वेळी काय खाल्लं, कुणाशी बोललो, किती वेळा खिडकी वाजून दचकलो. मग कळतं की असं लावताच येत नाही. माणसाच्या प्रत्येक वर्षात कुठंतरी एक जादाचा महिना घुसलेला असतो, कुणाचं आजारपण, कुणाची मेहेरबानी, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी काहीच नसतं. ते न बघता आपण स्वतःला लाल शाईनं लिहीत राहतो.

दुकानाचा महिन्याचा रिपोर्ट मी इथून अजून काढून देतो, रविवारी सकाळी. दादा पैसे देऊ म्हणतात, मी घेत नाही. या वेळी धोंडा ज्येष्ठात आला, ऐन लग्नाच्या दिवसांत. म्हणजे रुखवताचा काउंटर थंड आणि जावयाचा गरम. तीस दिवस मी क्वेरी चालवली नाही. रोज इच्छा व्हायची, रोज हात मागं घ्यायचो. काल महिना संपला. आज सकाळी खोलीत वारं भरलेलं असताना मी क्वेरी चालवली, अधिक बरोबर एक. पहिल्यांदाच धोंड्यासमोर धोंडा उभा राहिला.

तांबं-पितळ थोडं कमी होतं. फार नाही, पण कमीच. मी दादांना फोन लावला आणि आकडा आहे तसा सांगितला.

“कमी आहे रे,” दादा म्हणाले.

“आहे, दादा.”

त्यांनी तो आकडा कुठंतरी लिहून घेतला. मग म्हणाले, “आणि नावं?”

मी ते मोजलंच नव्हतं. त्यांना फोनवर ठेवून मोजलं. नावं वाढली होती, चांगलीच. लोक ऑनलाइन मागवलेली ताटंसुद्धा नाव घालायला मावशींकडे आणत होते. मावशी दुसऱ्याकडच्या भांड्यावरही नाव फुकट घालायच्या आणि जाताना त्यांच्या गळ्यात एक निरांजन बांधायच्या.

दादा हसले. “मग सुताराला राहू दे. पुढच्या धोंड्याला बघू.”

फोन ठेवल्यावर मी सवयीनं शून्याच्या ओळी वाचत बसलो. मला त्या वाचायला आवडतात. किती जावई, किती सासवा, केवढी मोठी मनं दीड वीत जागेत बसवलेली. शेवटच्या दिवसाचं शेवटचं बिल आलं. गिऱ्हाइकाच्या जागी मावशींचंच नाव. तांब्याचं ताट, नग एक, पैसे रोख भरलेले. त्याखाली कुरियर. आणि त्याखाली नेहमीची ओळ.

*नाव घालणे. नग एक. शेरा : दस्तगीर. वेळेवर जेवणे. अधिक ज्येष्ठ. रक्कम शून्य.*